सामना संपल्यावर समोरच्याला आपल्याशी बोलू द्यावं का?

तिसरं_रेल्वेगेट
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचते, पाककृतींच्या धाग्यावर कधीमधी लिहिते. आज एक प्रश्न घेऊन आलेय.

माझा मुलगा आठवीत आहे. मोबाईलवर बुद्धिबळ खेळतो आणि एक फुटबॉलचा खेळ खेळतो. अभ्यास झाल्यावर पाऊण तास, असं आमचं ठरलेलं. गेल्या रविवारी रात्री तो शेवटच्या मिनिटाला गोल मारून जिंकला. मी भाकऱ्या थापत होते, आतून त्याची आरोळी ऐकू आली. मग एकदम शांत. जेवायला बसला तर मान खाली. 'हरलास का रे?' तर म्हणे, 'नाही.' एवढंच.

दोन दिवसांनी कळलं. खेळात त्याचं नाव 'बेळगावचा वाघ' होतं. त्यानेच ठेवलेलं, तिसरीत असल्यापासून. ते काढून त्याने नुसतं 'प्लेअर' आणि पुढे सात आकडे केले होते. का बदललंस म्हणून विचारलं तेव्हा त्याने मोबाईल माझ्या हातात दिला. निकालाची पाटी आली की खाली बोलायची खिडकी उघडते. समोरच्याने तिथे आधी खेळावरून लिहिलं होतं, मग आईवरून, आणि नावात बेळगाव दिसल्यावर भाषेवरून. ओळीने अकरा संदेश. तेरा वर्षांच्या पोराने अकराच्या अकरा वाचले आणि एकालाही उत्तर दिलं नाही.

माझं मत सरळ आहे. डाव संपला, निकाल लागला, आता दोघांत बोलण्यासारखं काय उरलं? खेळ चालू असताना गरज पडत असेल तर समजू शकते. संपल्यावर ही खिडकी ठेवायचीच कशाला? जे स्वतः खेळतात किंवा ज्यांची मुलं खेळतात त्यांनी सांगा.

घोडा_अडीच
ताई, वाचून फार वाईट वाटलं. मुलाला सांगा की त्याचं काही चुकलेलं नाही.

पण खिडकीच नको म्हणता, तिथे मी अडतो. मी शहापुरात तीस वर्षं बुद्धिबळ खेळतोय. पटावर जेवढं शिकलो त्याच्या दुप्पट डाव संपल्यावर शिकलो. हरलेला विचारतो, 'इथे उंटाने मारलं असतं तर?' मग दोघं मिळून सोंगट्या मागे नेतात, डाव पुन्हा उलगडतात. स्पर्धेच्या हॉलमध्ये बोलायला बंदी असते, म्हणून बाहेर चहाच्या गाड्यापाशी उभ्या उभ्या, पट नसला तर हवेत बोटं फिरवत चर्चा चालते.

ऑनलाइनही तेच अनुभवलंय. गेल्या पावसाळ्यात लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर एक डाव हरलो. हत्ती आणि प्याद्यांचा शेवट होता, माझं एक प्यादं मोकळं सुटलेलं, तरी हरलो. समोरचा कोण, कुठला, काही माहीत नाही. त्याने एक ओळ लिहिली, 'हत्ती प्याद्याच्या पुढे ठेवलास, मागे ठेवायचा होता.' हत्ती मागे असला की प्यादं जसं पुढे सरकतं तशी हत्तीची जागा वाढत जाते, पुढे असला तर कमी होत जाते. शेवटाच्या कुठल्याही पुस्तकात हे असतं. मीही वाचलं होतं. पण डोक्यात शिरलं त्या रात्री, त्या एका ओळीने. ती खिडकी बंद असती तर?

आणि हस्तांदोलन हा तर आमच्या खेळाचा नियमच आहे. २००८ साली नेदरलँड्समध्ये वाइक आन झे इथल्या स्पर्धेत चेपारिनोव्ह या ग्रँडमास्टरने इंग्लंडच्या नायजेल शॉर्टशी हात मिळवला नाही, तेव्हा पंचांनी शॉर्टला डाव देऊन टाकला. पुढे अपील झालं, डाव नव्याने खेळवला, तोही शॉर्टनेच जिंकला. हात मिळवण्याला एवढी किंमत आहे.

कुंदा_अर्धा_किलो
आमच्या घरी कॅरम संपल्यावर बोलणं बंद केलं तर मामा जेवायलाच येणार नाहीत. ते खेळायला येतच नाहीत, नंतर बोलायला येतात.

रात्रपाळी
थोडी माहिती देतो. लीग ऑफ लेजेंड्स नावाचा खेळ आहे, पाच विरुद्ध पाच. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी विरोधी संघाशी सामना चालू असताना बोलायची सोय बंद केली. शिवीगाळ फार वाढली होती हे कारण. आपल्याच संघातली माणसंही एकमेकांना शिव्या देतात हे त्यांनी मान्य केलं, पण ते बोलणं डावाच्या आखणीला लागतं म्हणून चालू ठेवलं. आणि ताई, गंमत बघा, सामना संपल्यावरचं बोलणंही त्यांनी चालूच ठेवलं.

म्हणजे तुमच्या नेमकं उलट. तुम्ही म्हणता खेळताना बोलू दे, नंतर नको. ते म्हणाले खेळताना नको, नंतर बोला. मला त्यांचं पटतं. मध्येच कोणी डिवचलं तर खेळ बिघडतो. नंतर डिवचलं तर निदान निकाल तरी हातात असतो.

तिसरं_रेल्वेगेट
@रात्रपाळी, निकाल त्याच्या हातात होता, तो जिंकला होता. तरी त्याचं जिंकणं त्या माणसाने काढून घेतलं. गोलबद्दल त्याने आजपर्यंत वडिलांना सांगितलेलं नाही.

@घोडा_अडीच, दादा, तुमचं म्हणणं समजलं. पण तुम्हाला भेटला तो शिकवणारा होता. माझ्या मुलाला भेटला तो कोण होता? दार एकच, आत कोण येणार ते आधी कळत नाही.

आखाड्यातली_माती
मला गेममधलं काय कळत नाही, आमची पोरं रात्रभर बघूलाल्यात तेवढं दिसतंय. कुस्तीचं सांगतो.

आनंदवाडीच्या आखाड्यात मैदान असलं की माणूस मावत नाही. हलगी कडाडत असते. पैलवान आधी माती घेतो, मग हातसलामी, मग कुस्ती. चीतपट झाली की जिंकलेला उठतो आणि पडलेल्याला हात देऊन उठवतो. दोन शब्द बोलतो बी. काय बोलतो ते कुणाला ऐकू जात नाही, पण हात देताना सगळ्यांना दिसतं. मी अठरा वर्षांचा असताना येळ्ळूरच्या बाजूच्या एका मैदानात पडलो. ज्यानं पाडलं तो कानात म्हणाला, 'डावा पाय आधी उचलतोस, तेवढं बघ.' आज माझ्या तालमीत पोरांना तेच सांगतो.

पण एक हाय. तिथं वस्ताद उभा असतो. जिंकून कुणी वाकडं बोललं तर घरी जायच्या आधी वस्ताद थोबाडीत देतो, आणि गाव बघत असतंय. तुमच्या त्या खिडकीत वस्ताद कोण? तेवढं मला सांगा.

निपाणी_ते_पुणे
@आखाड्यातली_माती, काका, नेमका प्रश्न विचारलात. मी पुण्यात एका कंपनीत खेळांच्या चाचणीचं काम करतो, त्यामुळे हे थोडं जवळून पाहिलंय.

बहुतेक ठिकाणी वस्ताद म्हणजे शब्दांची यादी. यादीतला शब्द आला की तिथे चांदण्या पडतात. ही यादी इंग्रजीत जाडजूड असते. हिंदीतही आता बऱ्यापैकी. मराठी आणि कन्नडचं काय? आपली माणसं मराठी लिहितात रोमन अक्षरांत आणि एकच शब्द दहा तऱ्हांनी लिहितात. कोणी एक 'ए' लिहितो, कोणी दोन, कोणी मध्येच आकडा घुसवतो. त्यात आपल्या भागातलं बोलणं म्हणजे अर्धं वाक्य मराठी, क्रियापद कन्नड, शिवी हिंदी. यादीला त्यातलं काही कळत नाही. ताईंच्या मुलाला जे अकरा संदेश आले त्यांतले इंग्रजी शब्द कदाचित झाकले गेले असतील. आईवरून आणि भाषेवरून जे लिहिलं ते जसंच्या तसं पोचलं.

आणि उलटही होतं. 'मी खुशीत आहे' हे रोमन अक्षरांत लिहून बघा. 'खुशीत'ची शेवटची चार अक्षरं इंग्रजी शिवी होते, लगेच चांदण्या. हर्षित नावाच्या मुलाची तीच गत. माझ्या एका दीक्षित आडनावाच्या मित्राला एका ठिकाणी स्वतःचं आडनाव टाकून खातंच उघडता आलं नाही.

शिवी जाते आणि आडनाव अडतं, हे मला कामावर रोज दिसतं आणि रोज राग येतो. आपल्या भाषांची यादी करायला आपल्या भाषेची माणसं बसवायला हवीत, त्याशिवाय होणार नाही. मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर आहेत. ही काही कोपऱ्यातली बोली नाही.

कुंदा_अर्धा_किलो
म्हणजे मी खुशीत आहे हे मला लिहून कळवायची सोयच नाही. मग दुःखात आहे असं लिहितो, ते तरी जाईल.

सातेरी
@कुंदा_अर्धा_किलो 😂😂 दुःखात जातंय, मी आत्ता बघितलं.

जांबोटी_घाट
मी सामन्यानंतरच्या बोलण्याच्या बाजूचा, आणि त्याला कारण आहे पाऊस.

आमचं गाव जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या वाटेवर. मलप्रभा जिथून निघते तो भाग. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे नेट असणं आणि नसणं हे वाऱ्यावर. दोन वर्षांपूर्वी जुलैत एक स्पर्धा खेळत होतो, कॅरमचीच, मोबाईलवर. शेवटचा सामना. माझी राणी गेलेली, तीन सोंगट्या उरलेल्या, समोरच्याच्या पाच. मारायला बोट ठेवलं आणि नेट गेलं. दहा मिनिटांनी आलं तेव्हा पडद्यावर लिहिलेलं, तुम्ही सामना सोडून गेलात, हार.

हरल्याचं एवढं काही नव्हतं. पण 'सोडून गेलात' हे लागलं. मी आयुष्यात कधी डाव टाकून उठलेलो नाही. समोरच्याला वाटणार, हा हरायच्या भीतीने पळाला. प्रत्यक्षात मी जिंकत होतो!

त्या खेळात सामना संपल्यावर बोलता यायचं. मी लिहिलं, 'नेट गेलं, पळालो नाही.' हिंदीत लिहिलं. पलीकडून उत्तर आलं, 'मळी बंतेनु?' म्हणजे पाऊस आला काय. माझ्या नावात जांबोटी होतं, ते त्याने वाचलं होतं. तो हुबळीचा. त्याची आत्या खानापुरात दिलेली, लहानपणी सुट्टीत यायचा, इथला पाऊस त्याला पाठ. मग तो म्हणाला, 'छलो आडिदी. मत्त आडूणेनु?' छान खेळलास, परत खेळू या काय.

परत खेळलो. मी हरलो, या वेळी सरळ हरलो. तेव्हापासून दर शनिवारी खेळतो. मला कन्नड बाजारापुरतं यायचं, आता बऱ्यापैकी येतं. त्याला मराठीतलं 'लई भारी' आणि 'अरे देवा' येतं. गेल्या मार्गशीर्षात तो बेळगावला कामासाठी आला तेव्हा बसस्टँडवर भेटलो. तो धारवाडी पेढा घेऊन आला, मी कुंदा. दोघांनी एकमेकांच्या पिशवीत डोकावून बघितलं आणि हसलो.

ताई, तुमच्या मुलाच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण मला बोलायला मिळालं नसतं तर हुबळीत एक माणूस आजही मला पळपुटा समजत असता.

पत्त्यांचा_कॅट
@जांबोटी_घाट वा! नेट गेल्याचा मुद्दा कोणी मांडलाच नव्हता.

चिकोडीची_लेक
जांबोटीकरांची गोष्ट मलाही आवडली. आता माझी ऐका.

मी सात वर्षं खेळतेय. पहिली दोन वर्षं स्वतःच्या नावाने खेळले. सामना संपला की ठरलेलं. जिंकले तर 'मुलगी आहेस म्हणून सोडलं', हरले तर 'चहा कर जा'. आणि हे परवडलं असं म्हणायची वेळ येते, कारण दुसरा प्रकार गोड बोलणाऱ्यांचा. 'कुठली तू?' 'फोटो दे.' एकाला उत्तर दिलं नाही तर त्याने दुसऱ्या ठिकाणी माझं नाव शोधून काढलं. तिसऱ्या ठिकाणीही. एका पंधरा मिनिटांच्या सामन्यासाठी तो माणूस माझ्या मागे तीन महिने होता. तक्रार केली, आपोआप आलेलं एक उत्तर मिळालं, पुढे काही नाही.

तेव्हापासून माझं नाव असं आहे की त्यावरून बाई की पुरुष कळत नाही, गाव कळत नाही, भाषा कळत नाही. ताईंच्या मुलाने 'प्लेअर' आणि सात आकडे केलं ना, तेच मी एकवीस वर्षांची असताना केलं. तो तेरा वर्षांचा असून करतोय, याने मला आज सकाळपासून चैन नाही.

घोडा दादा म्हणतात हस्तांदोलन. हस्तांदोलनाला दोन हात लागतात. समोरच्याने माझा हात ओढून घेतला तर ते हस्तांदोलन नव्हे. खिडकी मुळात बंद असावी. मी माझ्या बाजूची कडी काढली आणि त्याने त्याच्या बाजूची काढली तरच उघडावी. मला माझी कडी कधीच काढायची नसेल तर ती माझी मर्जी.

घोडा_अडीच
@चिकोडीची_लेक, दोन्हीकडून कडी, हे मला शंभर टक्के मान्य. मी खिडकी म्हणालो तेव्हा ती भिंतीला पडलेल्या भोकासारखी असावी असं म्हणायचं नव्हतं.

उगार_साखर
मुळात नावात बेळगाव लिहिल्यावर एवढं होतं याचं मूळ कुठे आहे ते सगळ्यांना माहीत आहे. २०१४ साली १ नोव्हेंबरला नाव बदललं तेव्हापासून...

बाकरवाडी_नको
झालं, आलाच विषय. आता दोनशे प्रतिसाद.

उगार_साखर
आमच्या घराण्याने यात काय काय सोसलंय ते तुम्हाला माहीत नाही, तुम्ही गप्प बसा.

व्यवस्थापक
सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे आणि तो चालू आहे. उगार_साखर, तुमचं म्हणणं तिथे सविस्तर लिहा, लोक वाचतील. इथे एका मुलाचा प्रश्न आलाय, त्यावरच बोलू.

पत्त्यांचा_कॅट
बोलणं बंद करून ठरीव वाक्यं ठेवली की प्रश्न सुटतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी.

हार्थस्टोन हा पत्त्यांचा खेळ. त्यात समोरच्याशी बोलताच येत नाही, फक्त सहा ठरीव उद्गार आहेत. नमस्कार, आभार, छान खेळलास, धमकी वगैरे. एकही वाईट शब्द नाही. पूर्वी त्यात 'सॉरी' होतं. लोक समोरच्याला मारायच्या आधी मुद्दाम 'सॉरी, सॉरी' करायचे. २०१६ मध्ये ते काढून त्या जागी 'वॉव' आणलं. मग लोक समोरच्याची चूक झाली की 'वॉव' म्हणायला लागले! 'छान खेळलास' हे तर समोरचा अजून हरलाही नसताना मारून मोकळे होतात. रॉकेट लीग या गाड्यांनी फुटबॉल खेळायच्या खेळात 'काय अडवलास!' असं कौतुकाचं तयार वाक्य आहे. गोल खाल्लेल्या गोलकीपरला लोक तेच तीनतीनदा पाठवतात.

आपल्याकडे 'वा रे पठ्ठ्या' नाही का? आजोबा पाठीवर थाप मारून म्हणतात ते वेगळं आणि परीक्षेत नापास झाल्यावर शेजारचे म्हणतात ते वेगळं. शब्द तोच.

पण एक मान्य करतो. 'वॉव'ने माझी झोप कधी गेली नाही. अकरा शिव्यांनी गेली असती. टोमणा बोचतो, पण आईपर्यंत जात नाही. शिवाय त्या खेळात समोरच्याचे उद्गार एका बोटाने बंद करता येतात, मी पहिल्याच चालीला करतो. त्यामुळे लहान मुलांसाठी मी ठरीव वाक्यांच्याच बाजूने. लीचेसवरही डाव संपला की तयार बटणं येतात, छान डाव झाला, आभार, येतो आता, अशा अर्थाची. तेवढं पुरतं.

घोडा_अडीच
बटणाने 'हत्ती मागे ठेव' सांगता येत नाही हो.

पत्त्यांचा_कॅट
@घोडा_अडीच तुमचा हत्ती या धाग्यातून काही जात नाही.

घोडा_अडीच
जाऊ देणार नाही. त्या हत्तीने मला दोन स्पर्धा जिंकून दिल्यात.

मास्तर_खानापूर
मी मराठी शाळेत शिक्षक आहे. सहावी ते आठवीची मुलं रोज समोर असतात, म्हणून लिहितो.

आमच्या शाळेत कबड्डीचा सामना संपला की दोन्ही संघ ओळीत उभे राहतात आणि हात मिळवत एकमेकांसमोरून जातात. पहिल्या वर्षी मुलं ते ओढूनताणून करायची. एकाने तर हात मिळवता मिळवता चिमटा काढला. मी पुन्हा ओळ लावली, पुन्हा चालायला लावलं, तीनदा. चौथ्या वेळी चिमटा काढणारा स्वतः म्हणाला, 'सर, आता नीट करतो.' हरल्यावर आणि जिंकल्यावर कसं बोलायचं हे शिकवावं लागतं, आपोआप येत नाही. ज्याने ते अकरा संदेश लिहिले तोही कदाचित चौदा-पंधरा वर्षांचाच असेल आणि त्याला कोणी ओळीत परत उभं केलं नसेल.

म्हणून खिडकी कायमची बंद करणं मला पटत नाही. पण अठराच्या आतल्यांची गोष्ट वेगळी धरावी लागेल. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा अठराच्या आतल्यांना बालकच मानतो, त्यांची माहिती वापरायला पालकांची खातरजमा केलेली संमती लागेल असं म्हणतो. माहितीला संमती लागते, मग अनोळखी माणसाने मुलाशी बोलायला का नको? काही ठिकाणी मुलांसाठी वेगळी सोय असते. लीचेसमध्ये ती चालू केली की संदेश, गप्पा सगळं बंद. ताई, बुद्धिबळासाठी तरी ती आजच चालू करा.

आणि मुलाला वर्गात गोलबद्दल सांगायला सांगा. शेवटच्या मिनिटाचा गोल म्हणजे लहान गोष्ट नाही.

रात्रपाळी
@मास्तर_खानापूर सर, चिमट्याची गोष्ट मनात राहिली. मी एक भर घालतो. हरलेला माणूस सगळ्यात तापलेला असतो पहिल्या मिनिटात. बहुतेक खेळ खिडकी उघडतात ती नेमकी त्याच मिनिटात. तीच पाच मिनिटांनी उघडली तर निम्मे लोक चहा प्यायला गेलेले असतील. ज्याला हत्तीबद्दल सांगायचंय तो थांबेल.

घोडा_अडीच
थांबेन. अर्धा तासही थांबेन.

चिकोडीची_लेक
माझ्या मागे लागलेला तीन महिने थांबला होता. पाच मिनिटांनी तापट माणूस अडतो, चिकट माणूस नाही. कडी दोन्हीकडून हवी, याला पर्याय नाही.

निपाणी_ते_पुणे
दोन्ही एकत्र करता येतं, तांत्रिक अडचण काहीच नाही. अडचण वेगळी. गप्पा वाढल्या की माणूस खेळावर जास्त वेळ राहतो, म्हणून कंपन्यांना खिडकी उघडी हवी असते. आणि देखरेखीला माणसं ठेवायची तर पगार द्यावा लागतो. खर्चाचं हे गणित आहे.

तिसरं_रेल्वेगेट
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस लिहू शकले नाही, घरी पाहुणे होते. हा धागा मी मुलाला वाचून दाखवला, अगदी सगळा, चिकोडीच्या ताईंचं सुद्धा. तो मांडी घालून ऐकत बसला होता. आखाड्यातल्या काकांचं आणि पावसाचं दोनदा वाचायला लावलं.

मग मी त्याला विचारलं, तुझं काय म्हणणं? खरं तर हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, 'आई, जो परत खेळायला तयार आहे त्यालाच बोलू दे.' मला आधी कळलं नाही. त्याने समजावलं. सामना संपला की 'परत खेळू' असं बटण असतं. दोघांनी ते दाबलं तर दुसरा सामना होतो. त्या दुसऱ्या सामन्यानंतरच खिडकी उघडावी. ज्याला शिव्या देऊन पळायचंय तो कशाला परत खेळेल, त्याला दम कुठे असतो, असं त्याचं म्हणणं.

मी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. त्याच्या वयाच्या मुलांना अनोळखी माणसाने काहीही लिहू नये असंच मला वाटतं, आणि मास्तरांनी सांगितलेली सोय मी चालू केलीय. पण 'बोलायला काय उरलं' असं जे मी पहिल्यांदा लिहिलं होतं, तेवढं मागे घेते. उरतं, हे हुबळीच्या गोष्टीने पटलं.

आखाड्यातली_माती
पोरगं बरोबर बोललं. पुन्हा हात मिळवायला जो येतो त्याच्याशीच बोलावं. आमच्यात बी असंच हाय.

पत्त्यांचा_कॅट
रागावलेला माणूस सूड घ्यायला परत खेळतो, हेही होतं. मी स्वतः केलंय. पण दुसऱ्या सामन्यापर्यंत राग निम्मा उतरतो हेही खरं.

चिकोडीची_लेक
यात दोघांनी बटण दाबायचं म्हणजे कडी दोन्हीकडून झाली. मला चालेल. फक्त 'परत खेळू' नाकारलं की ते समोरच्याला कळू नये, नाहीतर त्यावरूनही मागे लागतात. ताई, त्याला माझ्याकडून शाब्बास सांगा.

घोडा_अडीच
आमचा क्लब रविवारी संध्याकाळी पाचला भरतो. मुलाला पाठवा. समोरासमोर खेळेल, नंतर चहाच्या गाड्यापाशी बोलेल. त्याच्या वयाची चार-पाच मुलं येतात. पत्ता वेगळ्या संदेशात पाठवतो.

तिसरं_रेल्वेगेट
@घोडा_अडीच दादा, येत्या रविवारी त्याचे बाबा घेऊन येतील. त्यांना गोलचं आज सांगितलं त्याने.

@जांबोटी_घाट, मुलगा विचारतोय, 'छलो आडिदी' हे आपल्याहून मोठ्या माणसाला म्हणायचं असेल तर कसं म्हणायचं?

जांबोटी_घाट
'छलो आडिद्री' म्हणायचं. शेवटी 'री' आलं की मान आला. त्याला सांगा, हुबळीचा मित्र विचारत होता, वाघ परत कधी खेळणार?